फुंकर मारली की कॅसेट चालते!
घरातली यंत्रं आणि आपल्या समजुती : पंचवीस वर्षांचा मागोवा

स्मरणिका समितीने लेख मागितला तेव्हा विषय सुचवला होता, 'आपल्या सोसायटीचा इतिहास'. पण प्लॉट कसा मिळाला, बिल्डरशी किती वर्षं भांडण चाललं, कन्व्हेयन्ससाठी किती चपला झिजल्या, हे सगळं आपले संस्थापक सभासद माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. म्हणून मी जरा वेगळी वाट धरली. सेक्रेटरींच्या परवानगीने इतिवृत्ताच्या जुन्या वह्या चाळल्या. सिंकिंग फंड, गळती, पाण्याची टाकी हे विषय तर दर वर्षीचेच. पण त्यांच्या मधून मधून आणखी एक विषय सतत डोकावतो, तो म्हणजे घरात येणारं नवं यंत्र. कधी केबलची वायर, कधी गच्चीवरचा मोबाईल टॉवर, कधी मुलांचे गेम, कधी सीसीटीव्ही आणि आता ई-स्कूटरचं चार्जिंग.

या प्रत्येक चर्चेत कोणी ना कोणी उठून एक वाक्य बोललेलं आहे. सुरुवातीच्या वर्षांत ते 'मी ऐकलंय की...' असं होतं, पुढे 'पेपरात आलंय' असं झालं आणि आता 'ग्रुपवर आलंय' असं असतं. त्या वाक्यावर ठराव झाले, काही ठराव बारगळले, शेजाऱ्याशेजाऱ्यांत अबोले झाले. तेव्हा मंडळी, पंचवीस वर्षांत आपण कशाकशावर विश्वास ठेवला, त्यातलं खरं किती आणि खोटं किती, याचाही इतिहास कुठेतरी लिहून ठेवावा असं वाटलं. तोच हा लेख.

जन्मवर्षाची भीती : वाय-टू-के

आपली सोसायटी नोंदली गेली ती २००० साली. त्याच वर्षाच्या उंबरठ्यावर सगळं जग एका भीतीने धास्तावलेलं होतं. जुन्या संगणकांत जागा वाचवण्यासाठी वर्ष दोनच आकड्यांत लिहीत, म्हणजे १९७५ ऐवजी नुसतं ७५. मग ९९ नंतर ०० आलं की संगणक त्याला १९०० समजेल की २०००? विमानं पडतील, बँकांतले पैसे गायब होतील, वीज जाईल, असं बोललं जात होतं. ३१ डिसेंबर १९९९ची रात्र उलटली आणि काहीच झालं नाही. तेव्हापासून एक समजूत पक्की झाली की वाय-टू-के म्हणजे शुद्ध बनवाबनवी होती.

ही समजूत चुकीची आहे. काही झालं नाही, कारण त्याआधीची काही वर्षं जगभरचे प्रोग्रॅमर रात्रंदिवस जुने प्रोग्रॅम दुरुस्त करत बसले होते. त्यांत आपले भारतीय इंजिनिअर मोठ्या संख्येने होते आणि आपल्या आयटी कंपन्यांना परदेशात नाव मिळालं त्यात या कामाचा मोठा वाटा आहे. जिथे दुरुस्ती राहून गेली तिथे चुका झाल्याच. इंग्लंडमधल्या शेफील्डला गर्भवतींच्या तपासणीचा हिशोब करणारा संगणक आईचं वय चुकीचं धरू लागला आणि दीडशेहून जास्त बायकांना चुकीचा निकाल दिला गेला.

आपली लिफ्ट पंचवीस वर्षांत कधी कोसळली नाही, म्हणून एएमसीचे पैसे फुकट गेले असं आपण म्हणतो का? वाय-टू-केचंही तसंच आहे. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढे मी बऱ्याच भीत्या खोट्या ठरवणार आहे. पण 'सगळ्याच भीत्या खोट्या' हीसुद्धा एक समजूतच आहे, आणि तीही तपासून घ्यायला हवी.

'टीव्हीच्या जवळ बसू नकोस, डोळे जातील!'

हे वाक्य ऐकलं नाही असं घर आपल्याकडे नसेल. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि टीव्हीमागोमाग हा इशाराही घरोघरी पोचला. याचं मूळ शोधायला गेलं की थेट अमेरिकेत जावं लागतं. १९६७ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीने जाहीर केलं, की आपल्या सुमारे ९०,००० मोठ्या रंगीत टीव्ही संचांतून प्रमाणापेक्षा जास्त क्ष-किरण बाहेर पडत आहेत. ते संच दुरुस्त केले गेले आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत अशा उपकरणांच्या किरणोत्सर्गावर मर्यादा घालणारा कायदा झाला. म्हणजे भीतीला एक खरा, पण ठरावीक संचांपुरता आधार होता. दोष गेला, इशारा मात्र राहिला. आजच्या सपाट टीव्हीत तर जुनी पिक्चर ट्यूबच नसते, त्यामुळे क्ष-किरणांचा प्रश्नच येत नाही.

जवळून टीव्ही पाहिल्याने डोळे दुखतात, चुरचुरतात, कारण आपण पापण्या कमी मिटतो. पण त्याने डोळे कायमचे बिघडत नाहीत, असं नेत्रतज्ज्ञ सांगतात. उलट कित्येकदा गोष्ट नेमकी उलटी असते. मुलाला आधीच लांबचं कमी दिसत असतं, म्हणून ते टीव्हीपुढे सरकतं. त्याला ओरडून मागे बसवण्यापेक्षा डोळे तपासून आणणं बरं.

मग मुलांना एवढ्या लवकर चष्मे का लागतात? यात जवळचं काम, म्हणजे पुस्तक आणि मोबाईल, यांचा वाटा आहेच. पण दुसरंही एक कारण पुढे आलं आहे, ते म्हणजे उन्हात, मोकळ्यावर घालवलेला वेळ कमी होणं. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांवर एक मोठा प्रयोग झाला. काही शाळांत रोज ४० मिनिटांचा जादा मैदानी तास ठेवला, काहींत नाही. निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत जादा तास नसलेल्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना लघुदृष्टी आली, तर जादा तास असलेल्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना. फरक जादूसारखा नाही, पण आहे. हे ४० मिनिटांचं गणित लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे यायचं आहे.

कॅसेटवरची फुंकर

आपल्याकडची जी मुलं आज पस्तिशी-चाळिशीत आहेत, त्यांच्यासाठी व्हिडिओ गेम म्हणजे टीव्हीला जोडायचा डबा, दोन रिमोट आणि वर खोचायची पिवळी नाहीतर काळी कॅसेट. मूळ यंत्र जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ साली आणलेलं 'फॅमिकॉम'. आपल्या बाजारात आल्या त्या बहुतेक त्याच्या नकला. चित्र आलं नाही की कॅसेट काढायची, तोंडाजवळ धरून बासरीसारखी फुंकायची आणि परत खोचायची. चालायची! ही विद्या कोणी शिकवली नव्हती. गंमत म्हणजे अमेरिकेतली, जपानमधली मुलंही हेच करत होती.

पण फुंकरीने काही होत नव्हतं. कॅसेटच्या तळाशी धातूच्या पट्ट्या असतात, त्या यंत्रातल्या पिनांना नीट टेकल्या नाहीत की चित्र येत नाही. कॅसेट काढून पुन्हा खोचली की पट्ट्या थोड्या घासल्या जातात आणि नव्याने टेकतात. काम होत होतं ते या काढण्याखोचण्याने, आणि श्रेय मिळत होतं फुंकरीला. फुंकर नुसती निरुपयोगीही नव्हती. श्वासातल्या ओलाव्याने त्या पट्ट्या गंजतात, म्हणून फुंकू नका असं खुद्द निन्टेंडोनेच सांगून ठेवलं होतं.

मला ही फुंकर आपल्या साऱ्या समजुतींची आई वाटते. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या की पहिलीमुळेच दुसरी घडली असं मन धरून चालतं. शिवाय करणारा खोटारडा नसतो, त्याला अनुभव 'आलेला' असतो. त्यामुळे त्याच्याशी वाद घालणं अवघड जातं.

त्याच कॅसेटवर '९९९९९९ इन १' असंही छापलेलं असायचं. मोजायला बसलं की वेगळे असे मोजकेच गेम निघत, बाकी सगळी त्यांचीच आवर्तनं. तोच गेम, फक्त सुरुवात दुसऱ्या लेव्हलपासून. जाहिरातीतला आकडा आणि पेटीतला माल यांतला फरक आपल्या पिढीला या कॅसेटने फार लहानपणी शिकवला. पुढे मोबाईलचे मेगापिक्सेल मोजताना आपण तो धडा विसरलो, ही गोष्ट वेगळी.

नाणेटंचाई आणि वाळवंटातलं दफन

व्हिडिओ गेमच्या इतिहासात दंतकथांना तोटा नाही. दोनच सांगतो, कारण त्या एकमेकींच्या उलट आहेत.

पहिली जपानची. १९७८ साली तायतो कंपनीचा 'स्पेस इन्व्हेडर्स' आला आणि लोक त्यावर तुटून पडले. एका डावाला १०० येनचं नाणं लागे. तेव्हापासून सांगतात, की या खेळापायी जपानमध्ये १०० येनच्या नाण्यांची टंचाई झाली आणि सरकारला जादा नाणी पाडावी लागली. पुस्तकांतही ही गोष्ट छापून आली आहे. पण टांकसाळीचे आकडे पाहिले तर १९७८ आणि १९७९ साली ही नाणी आधीच्या काही वर्षांपेक्षा कमीच पाडली गेली. आणि साधा विचार केला तरी कळतं, की मशीनमध्ये पडलेलं नाणं तिथे अंडी उबवत बसत नाही. मालक ते रोज काढतो, बँकेत भरतो आणि ते पुन्हा बाजारात येतं.

दुसरी अमेरिकेची. १९८२च्या नाताळसाठी अटारी कंपनीने 'ई.टी.' सिनेमावरचा गेम अवघ्या पाचेक आठवड्यांत बनवून घेतला. तो सपशेल पडला. न खपलेल्या कॅसेट ट्रकांत भरून न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात, अॅलामोगोर्डो गावच्या कचराडेपोत पुरल्या, असं बोललं जायचं. अनेकांना ही शुद्ध थाप वाटे. पण एप्रिल २०१४मध्ये तिथे खरंच खोदकाम झालं आणि कॅसेट निघाल्या! वर काढल्या त्या सुमारे १,३००. त्यांत ई.टी. होता, तसे अटारीचे दुसरे अनेक गेमही होते. म्हणजे 'पुरलं' हे खरं, पण 'एका ई.टी.ने सगळा धंदा बुडवला' हे अर्धसत्य. तेव्हा अमेरिकेत गेमचं पीकच इतकं अमाप आलं होतं की दुकानदारांची गोदामं भरून गेली होती. ई.टी. हे त्या बुडीचं सगळ्यांच्या लक्षात राहिलेलं नाव, एवढंच.

सांगायचा मुद्दा असा, की ऐकीव गोष्ट ऐकताक्षणी खरी मानू नये, आणि ऐकताक्षणी खोटीही मानू नये. एके ठिकाणी टांकसाळीचा हिशोब पाहावा लागला, दुसरीकडे जमीन खोदावी लागली.

गेम खेळून मुलं मारकुटी होतात का?

हा प्रश्न पालकांच्या खरा जिव्हाळ्याचा. कादंबऱ्या वाचून मुली बिघडतात, सिनेमा पाहून मुलगे बिघडतात, असं आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत म्हणत. अमेरिकेत १९५०च्या दशकात कॉमिक्सवर हाच आरोप होता. १९७६ साली 'डेथ रेस' नावाच्या गेमवरून पहिला मोठा गदारोळ झाला. त्याची चित्रं आज पाहिली तर चार काड्यांची माणसं दिसतात. पुढे कॅलिफोर्नियाने हिंसक गेम मुलांना विकायला बंदी करणारा कायदा केला, पण २०११मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो सात विरुद्ध दोन मतांनी रद्द ठरवला. सादर झालेल्या अभ्यासांवरून गेममुळे मुलं हिंसक होतात हे सिद्ध होत नाही, असं बहुमताच्या निकालात म्हटलं आहे. २०१९मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या चौदा-पंधरा वर्षांच्या सुमारे हजार मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांना नुसतं विचारलं नाही, त्यांच्या वागण्याबद्दल आईवडिलांकडूनही माहिती घेतली. हिंसक गेम आणि आक्रमक वागणं यांचा संबंध त्यांना आढळला नाही.

मग काळजीचं काहीच नाही का? आहे, पण ती दुसरीकडे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 'गेमिंग डिसऑर्डर' ही अवस्था आजारांच्या नव्या यादीत घेतली आणि ती यादी १ जानेवारी २०२२पासून लागू झाली. पण तिची व्याख्या नीट वाचावी. किती तास खेळतो यावर ती ठरत नाही. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही न थांबता येणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं, असं असेल तर तो आजार. परीक्षेनंतर दोन दिवस गेमला चिकटलेला मुलगा आजारी नसतो.

दुसरी काळजी पैशांची. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांनी मोठ्या माणसांचे संसार बुडवले आहेत. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने अशा खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. म्हणजे चिंता करायचीच तर गेममधल्या तलवारीची कमी आणि गेमला जोडलेल्या यूपीआयची जास्त करावी.

तिसरी काळजी थोड्या मुलांपुरती, पण खरी आहे. १६ डिसेंबर १९९७ला जपानमध्ये 'पोकेमॉन'च्या एका भागात लाल-निळा झगमगाट दाखवला गेला आणि ६८५ मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. झगमगत्या उजेडाने झटका येऊ शकतो अशी थोडी माणसं असतात. गेमच्या सुरुवातीला जी सूचना आपण न वाचता पुढे ढकलतो, ती त्यांच्यासाठी असते.

ब्लू व्हेल : जो गेम कोणी पाहिला नाही

२०१७चा पावसाळा पालकांना आठवत असेल. 'ब्लू व्हेल' नावाचा गेम आहे, पन्नास दिवस कामं देतो आणि शेवटी मुलांना जीव द्यायला लावतो, असे मेसेज फिरत होते. मुळात ही बातमी २०१६ साली रशियातल्या एका वृत्तपत्रातून पसरली. आपल्याकडे मुंबईतल्या एका मुलाच्या मृत्यूनंतर तिने पेट घेतला आणि देशभर अशा प्रत्येक दुःखद घटनेला हेच नाव चिकटू लागलं. आपल्याही बैठकीत 'मुलांचे मोबाईल तपासावेत' असा विषय आला होता.

पुढे केंद्र सरकारने समिती नेमली. तिने मुलांचे फोन, इंटरनेटचा वापर, कॉलच्या नोंदी तपासल्या. जानेवारी २०१८मध्ये तेव्हाचे केंद्रीय गृह राज्यमंत्री आणि आपल्या चंद्रपूरचे खासदार हंसराज अहीर यांनी लोकसभेत लेखी उत्तर दिलं, की यांतल्या एकाही घटनेत ब्लू व्हेलचा संबंध सिद्ध झालेला नाही. ही बातमी आतल्या पानावर आली. ग्रुपवर ती कोणी टाकली नाही.

यात नुकसान काय झालं? एखादं मूल गप्प गप्प राहतंय, जेवत नाही, झोपत नाही, तर त्यामागे अभ्यासाचा ताण असेल, शाळेतला छळ असेल, मनाचा आजार असेल. हे सगळं विचारायचं सोडून आपण त्याच्या फोनमध्ये देवमासा शोधत बसलो. फोन काढून घेतला की काम झालं, असं वाटणं ही पुन्हा फुंकरच. खरं काम आहे शेजारी बसून बोलण्याचं. आणि घरात बोलणं जमत नसेल तर सरकारची 'टेलि-मानस' ही फुकट हेल्पलाईन आहे, नंबर १४४१६. तो फ्रिजवर लावून ठेवायला काहीच हरकत नाही.

गच्चीवरचा टॉवर

हा विषय अजून दुखरा आहे, म्हणून जपून लिहितो. एका मोबाईल कंपनीने गच्ची भाड्याने मागितली होती आणि सर्वसाधारण सभेत दोन तट पडले. एक तट म्हणाला कॅन्सर होतो, दुसरा म्हणाला मेंटेनन्स निम्मा होईल. दोघांनीही मोजून काहीच पाहिलं नव्हतं.

टॉवरच्या लहरी रेडिओच्या जातीच्या. क्ष-किरणांसारखी अणूची मोडतोड करण्याइतकी ऊर्जा त्यांत नसते. टॉवरचा अँटेना आडवा झोत टाकतो, दिव्यासारखा थेट खाली नाही, त्यामुळे टॉवरखालच्या माणसापेक्षा समोरच्या इमारतीला तो जास्त 'दिसतो'. अंतर वाढलं की जोर झपाट्याने कमी होतो. आणि कानाला लावलेला फोन टॉवरपेक्षा कितीतरी जवळ असतो. टॉवर लांब, रेंज कमी, तर फोनला जास्त जोर लावावा लागतो. 'टॉवर नको, पण रेंज हवी' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने मे २०११मध्ये या लहरी 'कदाचित कारण असू शकतील' अशा '२-बी' गटात टाकल्या, हे खरं. पण त्याच गटात आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही आहेत. त्या गटाचा अर्थ 'पुरावा अपुरा, अभ्यास चालू ठेवा' एवढाच. आरोग्य संघटनेनेच करवून घेतलेला जुन्या अभ्यासांचा मोठा आढावा २०२४मध्ये आला आणि मोबाईल वापर व मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध त्यात आढळला नाही. भारताने तर १ सप्टेंबर २०१२पासून टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकी खाली आणली आहे. शंका असेल तर दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' पोर्टलवर शुल्क भरून कोणत्याही टॉवरची मोजणी करून मागता येते.

याचा अर्थ टॉवरला डोळे झाकून हो म्हणा असा नाही. गच्चीचा स्लॅब एवढं वजन पेलेल का, वॉटरप्रूफिंगचं काय, जनरेटरचा आवाज किती, करार मोडायचा झाला तर कसा, हे प्रश्न खरे आहेत आणि इंजिनिअरला, वकिलाला विचारायचे आहेत. त्या सभेच्या इतिवृत्तात स्लॅबबद्दल एक ओळही नाही.

चिमण्यांचंही तसंच. 'टॉवरने चिमण्या मेल्या' हे आपण इतकं ऐकलं की ते पाठ झालं. भारतातल्या पक्ष्यांचा २०२० सालचा मोठा अहवाल सांगतो, की देशभरात चिमण्यांची संख्या पंचवीसेक वर्षांत साधारण स्थिर आहे, मोठ्या शहरांत मात्र घटते आहे. शहरात घरट्याला वळचण नाही, पिल्लांना खायला किडे नाहीत. आपल्याच इमारतीच्या भिंतींतले झरोके आपण दुरुस्तीत बुजवले, हेही त्यात आलं.

आणि ५जी! मे २०२१मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत '५जीच्या चाचण्यांमुळे माणसं मरत आहेत' असे मेसेज आले. दूरसंचार विभागाला जाहीर खुलासा करावा लागला, की देशात कुठेही ५जीच्या चाचण्या अजून सुरूच झालेल्या नाहीत. ५जी सेवा सुरू झाली १ ऑक्टोबर २०२२ला. जी गोष्ट आलीच नव्हती, ती माणसं मारत होती!

नोटेतली चिप आणि पंपावरचा फोन

थोडी हसायची गोष्टही सांगतो. ८ नोव्हेंबर २०१६ला नोटाबंदी झाली आणि दोन हजारांच्या नव्या नोटेत चिप आहे, जमिनीखाली पुरली तरी उपग्रहाला दिसते, असं टीव्हीवरही सांगितलं गेलं. रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या वैशिष्ट्यांत चिपचं नावही नव्हतं. जीपीएस यंत्र उपग्रहाचे संदेश फक्त ऐकतं, त्याला बॅटरी लागते आणि छताखालीसुद्धा ते अडखळतं. कागदात ते बसणार कसं? मे २०२३मध्ये ती नोट चलनातून मागे घ्यायचं जाहीर झालं. चिप कोणालाच सापडली नाही.

तसंच पेट्रोल पंपावरचं. 'मोबाईल बंद ठेवा' असा बोर्ड आणि त्याच्याच खाली पैसे भरायचा क्यूआर कोड! फोनमुळे पंपावर आग लागली अशी खात्रीची घटना तपासांत सापडलेली नाही. काही आगी लागल्या त्या अंगावर साठलेल्या स्थिर विजेच्या ठिणगीने. तरी पेट्रोल भरताना फोनवर बोलू नये हे बरंच, कारण लक्ष दुसरीकडे जातं. सल्ला ठीक, कारण मात्र वेगळं.

जिथे हसू थांबतं

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी आठवड्याचा बाजार होता. भिक्षा मागत गावोगाव फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे व्हिडिओ आणि मेसेज त्या भागात दिवसांमागून दिवस फिरत होते. जमावाने त्या पाचही जणांना मारून टाकलं. टोळी नव्हतीच. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. आपल्या फोनमध्ये आजही ती आहे. ती का आली, हे मात्र आपण विसरलो.

त्याच आठवड्यांत आपल्या गेटवरही एक प्रसंग घडला, ज्याची नोंद इतिवृत्तात नाही. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, जी वर्षानुवर्षं आपल्या दारांत यायची, तिला काही सभासदांनी गेटवर अडवून दोन तास बसवून ठेवलं. तिच्या पाटीत मुलाचं एक झबलं सापडलं म्हणून! झबलं आपल्याच एका घरातून भांड्यावर आलेलं होतं. ती बाई पुन्हा कधी आली नाही. तिची कोणी माफी मागितल्याचंही ऐकलं नाही. रौप्यमहोत्सवाच्या अंकात हे लिहावं की नाही यावर मी विचार केला. पण इतिहास म्हणजे फक्त आपल्या सत्काराचे फोटो नव्हेत.

मग करायचं काय?

कोणताही मेसेज, कोणतीही 'ऐकलेली' गोष्ट आली की तीन प्रश्न विचारायचे. कोणी मोजलं? कुठे आणि कधी? आणि हेच कारण आहे, की ती कॅसेटवरची फुंकर आहे? तिन्हींची उत्तरं मिळाली नाहीत तर बोट 'फॉरवर्ड'वर न्यायचं नाही.

येत्या वार्षिक सभेत ई-स्कूटरच्या चार्जिंगचा विषय आहे. 'रात्रभर चार्ज केलं की बॅटरी फुटते' आणि 'काही होत नाही हो', अशी दोन्ही बाजूंची वाक्यं तयार असतील. लिथियम बॅटरी पूर्ण भरली की तिचं सर्किट चार्जिंग थांबवतं. तिचे वैरी म्हणजे उष्णता, ठोकर, पाण्यात बुडणं आणि भलताच चार्जर. खिडकीतून खाली सोडलेली एक्स्टेन्शनची वायर हा खरा धोका आहे. तेव्हा मतदानाआधी एका इलेक्ट्रिशियनला बोलावून पार्किंगमधलं वायरिंग तपासून घेऊ या. एवढंच म्हणणं आहे.

आणि शेवटी ती ४० मिनिटं. 'हल्लीची मुलं खाली येतच नाहीत, सारखी मोबाईलवर असतात,' अशी तक्रार दर सभेत असते. त्याच इतिवृत्तांत हेही लिहिलेलं आहे, की २००८ साली मुलांच्या खेळाची निम्मी जागा चारचाकींच्या पार्किंगला दिली आणि दोन वर्षांनी तिथे 'येथे क्रिकेट खेळण्यास सक्त मनाई आहे' असा बोर्ड लागला. मुलं वर गेली, कारण खाली जागा उरली नाही. त्यात गेमचा दोष कितपत, हे ज्याने त्याने ठरवावं.

माझी सूचना साधी आहे. रोज संध्याकाळी साडेपाच ते सव्वासहा मागच्या अंगणातल्या गाड्या बाहेरच्या रस्त्यालगत लावायच्या आणि ती पाऊण तासाची जागा मुलांना द्यायची. काच फुटली तर भरपाई सोसायटीच्या खात्यातून. रौप्यमहोत्सवी वर्षात एखादी कमान उभारण्यापेक्षा तो बोर्ड उतरवणं स्वस्त पडेल. हा विषय मी सभेत लेखी मांडणार आहे, सूचक म्हणून माझी सही आहेच. अनुमोदकाची जागा मोकळी आहे.

— एक सभासद, बी विंग